हवा किती, साखर किती

तोर्रेओनला बायपासच्या कडेला
बाबांचं पंक्चरचं दुकान.
चाकावर नुसता अंगठा दाबून सांगतात,
अठ्ठावीस आहे, पस्तीस हवी.
मीटर लावला की अठ्ठावीसच.
तेवीस वर्षं ट्रकवाल्यांना बजावत आलेत:
"जास्त भरलीस तर फुटेल,
कमी ठेवलीस तर रिम कापेल."
स्वतःच्या रक्तात काय चाललंय
ते मात्र त्या अंगठ्याला कधी कळलं नाही.

उधारीची वही होती, निळी, तेलकट.
मी तिच्या मागच्या पानापासून सुरुवात केली.
उपाशीपोटी २४८. जेवणानंतर ३१०.
पुढून लोकांची देणी, मागून आमची.

रेफुहियो आत्याचा पाय गुडघ्याखालून गेला
त्या वर्षी बाबा ऑपरेशनला हो म्हणाले.
सर्जनबाई म्हणाल्या, साखर आधी खाली आणा,
मग मी हात लावते.
कोला बंद. तोर्तिया मोजून दोन.
शेवटचे पंधरा दिवस तर नुसतं दूध आणि सूप,
यकृत आक्रसायला हवं म्हणून;
ते म्हणे वाटेत आडवं बसलेलं असतं,
आमच्या गल्लीतल्या बैलासारखं नाही,
बंद पडलेल्या ट्रकसारखं. हे बाबांचं.

मी घरातली साखर डब्यासकट उचलली,
मधाची बाटली, नाताळच्या उरलेल्या गोळ्या,
आणि शेजारच्या दोन्या एउलालियाकडे नेऊन ठेवली.
"तुम्हीच सांभाळा. आमच्या घरात वैरी नको."

आदल्या संध्याकाळी नर्स इत्सेलने
कागदावर केळ्याएवढी पिशवी काढून दाखवली.
बाबा बराच वेळ बघत बसले.
"म्हणजे ट्यूब कापून बारक्या चाकाला बसवायची."
"तसंच काहीसं."
"आणि शिवण गळली तर?"
"हवा भरतो, पाण्याखाली धरतो,
बुडबुडे येतात का बघतो."
तेव्हा कुठे बाबांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी १३१.
वजन जागचं हललं नव्हतं
आणि साखर मुकाट्याने उतरली होती.
इन्शुलिन पाववर आणलं.
तीसचे आठ. मी वहीत दोनदा लिहिलं.

अकराव्या रात्री, तीनच्या सुमारास,
बाहेर धुळीचं वादळ, खिडक्यांना ओले टॉवेल,
आणि बाबा अंथरुणात
कुठल्याशा गिऱ्हाईकाशी भांडताहेत.
सदरा पिळून काढावा असा घाम.
बोट टोचलं. ५२.
पेनचा आकडा बघितला: तीस.
डोक्याला आठ माहीत होते.
हाताला तीसची सवय.

फडताळ उघडलं. मीठ. चहा. डाळ.
साखरेचा कण नाही.
मीच नाही का ठेवला.

अनवाणी धावले. धूळ दातांत.
"दोन्या, साखर!"
तिने काही विचारलं नाही,
आमचाच डबा आमच्याच हातात दिला.

पाण्यात कालवून चमचा चमचा.
घटाघट पाजता येईना,
पोट उरलंय केवढंसं.
एक चमचा, मग थांबायचं.
आत्या फोनवर रडत होती, तिला रडू दिलं.
५२. ५८. वाऱ्याने पत्रा आपटला.
७४.
बाबांनी डोळे उघडले,
"दुकान कुणी उघडलं?"

आता वजन चौतीस किलोंनी कमी आहे,
इन्शुलिन बंद आहे, गोळी एकच.
"बरे झालात असं म्हणू नका,"
सर्जनबाई म्हणतात, "झोपलाय तो. पाय न वाजवता चाला."
डबा परत आमच्या फडताळात, वरच्या फळीवर.
बाबा तिकडे बघत नाहीत.
मी बघते.

काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं.
जॅकवर बसल्या बसल्या बाबांनी
स्वतःच्या दंडावर अंगठा दाबला,
डोळे मिटले.
"शंभर," म्हणाले.
मी बोट टोचलं. शहाण्णव.
"चार कमी," ते पुटपुटले,
आणि दिवसभर घुश्शात होते.