तेवीस सी

गुरुवारी मध्यरात्री, शारजाच्या सजा भागात,
कॅम्पातली खोली एकशेचौदा.
रज्जाक मुकादमच्या लॅपटॉपवर विमान पळवलं जातं.
आम्ही सहाजण दोन खाटांवर,
सुकटीचा वास, एसीची घरघर,
आणि पडद्यावर कुणीतरी ओरडतं : हलायचं नाही!
आम्ही हलत नाही.
हलायला जागाच नाही.

मी विमानं झाडतो. नऊ वर्षं झाली.
म्हणून खोलीत मला तज्ज्ञाचा मान,
आणि तज्ज्ञ शेजारी बसला की सिनेमाचं वाटोळं.
दार हवेत उघडतं तेव्हा मी म्हणतो, उघडत नाही,
आतल्या हवेचा रेटाच असा, दहा पैलवान लावा.
गोळीच्या भोकातून माणूस ओढला जातो तेव्हा म्हणतो,
अरे, तिथून फार तर शिट्टी वाजेल.
हीरो संडासाच्या छतातून वर चढतो.
ते छत मी रोज पुसतो, बाबांनो,
मांजरालाही वाट नाही तिथे.
गप रे कोचरेकर, म्हणतो बेनेडिक्ट,
वेंगुर्ल्याचा, मारामारी आली की पाय आखडून बसणारा.
को-पायलट कॉफीचा घोट घेतो
आणि रज्जाक पाच दिरहम लावतो : हा मरणार.
विरुद्ध कुणी लावत नाही.

तरी बघतो. पुन्हा पुन्हा तेच बघतो.
कारण त्या विमानात माणसं मोजतात.
एकशेब्याऐंशी, मंत्री म्हणतो, एकशेब्याऐंशी जीव,
आणि राजधानीत रात्रभर दिवे.
दमेकरी पोरीच्या एका पंपासाठी
दोन देश फोनवर भांडतात.
हरेश्वरचा पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात आहे, अकरा महिने.
त्याच्यासाठी कुणी कुणाला फोन केला नाही.
पोरीचा सीन आला की तो म्हणतो,
एसीचा वारा डोळ्यांत जातोय.

मग विमान उतरतं आमच्याकडे.
नेहमी आमच्याकडेच : पिवळी वाळू, पिवळं आभाळ,
धावपट्टीला लागून उंट.
उंट! रज्जाक पत्र्याचं कपाट बडवतो.
नऊ वर्षांत तिथे मी पाहिलंय
एक होला, उडत आलेली प्लास्टिकची पिशवी,
आणि ऑगस्टात डांबराला चिकटून राहिलेला
माझ्याच बुटाचा तळ.

एक गोष्ट मात्र मी बोलत नाही.
पिस्तूल आत कुणी ठेवलं?
सुरुवातीलाच, चार सेकंद :
निळा डगला, हातमोजे, मिशी,
सीटखाली पाकीट चिकटवणारा हात.
त्याला नाव नसतं, वाक्य नसतं.
अर्ध्या तासाने पार्किंगमध्ये प्रेत सापडतं
आणि हीरो म्हणतो, साफसफाईवाला होता.
त्या चार सेकंदांत खोलीतले सगळे
पडद्याकडेच बघतात. फार नीट बघतात.
बेनेडिक्ट मला चहा देतो,
साखर जरा जास्तच.

तीन दहाला व्हॅन येते.
हीरो अजून पंखाला लोंबकळतोय
आणि आम्ही बूट शोधतोय.

कोझिकोडहून आलेलं विमान. बावीस मिनिटं, पाच माणसं.
सीटखाली हात घालतो,
बोटांनी चाचपत, शेवटच्या कोपऱ्यापर्यंत,
नियमच आहे तसा.
शेंगदाण्याची टरफलं. बाळाचा एक मोजा.
बोर्डिंग पास, मागे पेन्सिलीने हिशेब :
एजंट, फी, बहिणीचं, छपराचे पत्रे,
बेरीज दोनदा खोडलेली.
तेवीस सी च्या खिशात ओलसर टिश्यूंचा गोळा.
कुणीतरी पहिल्यांदाच आलं असणार.
क्षणभर तिथे बसतो. बसायची परवानगी नाही.
समोरच्या पडद्यावर छोटं विमान
समुद्रावरची रेघ ओढून थांबलेलं.

फॉर्म भरतो : संशयास्पद काही आढळले नाही.
सही. वेळ. बॅज नंबर.
मोजा हरवलं-सापडलंच्या डब्यात.

खाली सामानाच्या पट्ट्याशी रज्जाक जांभई देतो,
विचारतो, काय रे, उतरलं असेल ना ते?
उतरतंच, मी म्हणतो,
आणि व्हॅक्यूमची वायर गुंडाळायला घेतो,
कोपरापासून अंगठ्यापर्यंत,
जाळ्याची दोरी गुंडाळतात तशी.