चौथं पोतं

ह्यूईना, तुझी हॅलिफॅक्सची भाची
काल सात पोती दारात टाकून गेली.
"मावशीचं कातरण. तुम्हालाच कळेल काय करायचं."
गाडीचं इंजिन तिनं बंदसुद्धा केलं नव्हतं.

मला कळतंय डोंबल.
केप ब्रेटनचा मार्च, खाडीत अजून
बर्फाच्या लाद्या एकमेकींवर घासताहेत,
आणि चुलीशेजारी मी, ऐंशीला दोन कमी,
मांडीवर तुझं पहिलं पोतं.

वीतभर असेल ते वेगळं.
चार बोटं असेल त्याचा कुणाच्या तरी गोधडीत कोपरा होतो.
लांबट पट्ट्या टोमॅटो बांधायला बऱ्या,
सुतळीसारख्या देठाला काचत नाहीत.
पण तू, बाई, नखाएवढंही टाकलं नाहीस:
त्रिकोणाची छाटलेली शेंडी,
दोऱ्याइतकी बारीक किनार,
कात्रीनं चुकून उडवलेलं छापील कोंबडीचं डोकं.

हा लॉकलनचा बोटीवरचा शर्ट,
पन्नास धुण्यांनंतरही शेवंडांचा वास.
हे शाळेच्या नाटकातल्या मेंढीचं पोट.

आणि चौथ्या पोत्याच्या तळाशी
निळं मखमल.

चर्चच्या हॉलचा पडदा मी ओळखणार नाही?
मी खजिनदार होते.
एक्याऐंशी साली जोडीतला एक रातोरात गेला
आणि किल्ली माझ्याकडे होती.
कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे बोलत नाहीत,
केकचा तुकडा जरा पातळ कापून देतात.
अकरा वर्षं मी पातळ केक खाल्ला, ह्यूईना,
आणि तू त्याच चौकटीवर माझ्यासमोर टाके घालत होतीस,
सुईला सुई लागेल इतक्या जवळून
म्हणायचीस, "जाऊ दे मर्डीना, लोक विसरतात."

चिंधीचोर!
मोठ्यांदा म्हणाले. मांजर उठून गेलं.
शब्द कसा मापात बसला, कुठे दुमडावा लागला नाही.
हसू आलं. मग राहिलं नाही.

सांगू कुणाला? साक्षीदार सगळे टेकडीवर,
तुझ्याच आसपास, दगडांखाली.
चुलीत घालू तर मखमल जळताना घाण वास येतो.
हॉलमध्ये टांगू तर हॉल विकला,
तिथे आता पाहुण्यांना भाड्यानं कयाक देतात.
आणि गोधडीत शिवून कुणाच्या पोराच्या अंगावर
पांघरू तुझी चोरी?

शेवटी जुने अभ्रे काढले.
नखाएवढं सगळं कोंबायचं, तोंड शिवायचं,
सिडनीला बेवारशी कुत्र्यांच्या घरी नेऊन द्यायचं.
असल्या गाद्या त्यांना कितीही चालतात.
निळा तुकडा तेवढा हातात राहिला.
उलटा केला.
कडेनं सुईची भोकं, ओळीत, रिकामी.
म्हणजे तू तो कशात तरी शिवला होतास
आणि बसून, एकेक टाका, उसवला होतास.
कधी? कुणाच्या गोधडीतून?
विचारायला यायचं होतंस गं जरा आधी,
की मीच यायला हवं होतं.

गुरुवारी गाद्या पोचवल्या.
तिथली पोरगी म्हणाली, ही फर्गसला देऊ,
बारा वर्षांचा आहे, एक डोळा गेलेला, कुणी नेत नाही.
फर्गसनं हुंगलं. तीन फेऱ्या मारल्या.
नेमकी त्याच कोपऱ्यावर हनुवटी टेकली
आणि असा सुस्कारा सोडला
जसा मी एक्याऐंशीपासून सोडलेला नाही.

मी काही बोलले नाही. आमच्याकडे बोलत नाहीत.

घरी तीन पोती उरलीत.
चहा टाकलाय.
बघते, आणखी काय काय नेलं होतंस.