उजवा खिसा

बाकिझिओच्या प्रत्येक विजारीचा
उजवाच खिसा आधी जायचा.
एकेचाळीस वर्षं मी तिथेच ठिगळ लावलं,
आतून, जाड कापडाचं,
आणि दर वेळी पुटपुटले,
हा माणूस चाकू पाळतो की उंदीर.

मेंढ्याच्या शिंगाची मूठ,
हाताच्या तेलाने मधासारखी झालेली.
पातं मुळात मर्टलच्या पानासारखं रुंद;
निसण्यावर झिजत झिजत
ऑलिव्हच्या पानाएवढं उरलं.
त्याने चीज कापलं, दोर कापले,
अडलेल्या कोकराची नाळ कापली,
आणि एकदा बायन्झूच्या टाचेतला काटा काढला,
तेवढ्यापुरता त्याचा हात थरथरला होता.
मग पातं विजारीवर पुसायचं, मिटायचं.
टक्.
म्हणजे जेवण संपलं.

माती दिल्यावर बायन्झू तुरीनला निघाला,
चाकू तळहातावर तोलत दारात उभा.
"विमानात नेऊ देणार नाहीत, आई. तूच ठेव."
म्हटलं, फुकट नको.
धारेची वस्तू फुकट घेतली की माणसं तुटतात,
आमच्या पट्टादात पोरंही जाणतात हे.
पिठाच्या डब्यामागून पाच सेंट काढले,
त्याच्या हातावर ठेवले.
ते मात्र चालले विमानात.

आता मी नासपती सोलते त्याने.
टक् वाजलं की कुत्रं अजून दाराकडे बघतं.

काल एप्रन धुताना दिसलं,
उजव्या खिशाच्या तळाशी
कापड विरलंय.
ठिगळ नाही लावायचं, म्हणतेय.
बघू.