लाभ

मोंढ्यात पहिलं माप टाकताना एक म्हणत नाहीत.
लाभ म्हणतात.
लाभ, मग दोन, मग तीन.
बापानं शिकवलं तसं चोवीस वर्षं म्हणालो,
तुरीला, हळदीला, करडईला,
आणि दिवेलागणीला पुलाखालच्या दुकानात
पहिल्या ग्लासालाही.
हमाल हसायचे. मीही हसायचो.
दुसऱ्या ग्लासाला कुणी दोन म्हणालं नाही.

नंबर सापडला यष्टी स्टँडच्या मुतारीत,
मूळव्याधीच्या जाहिरातीखाली.
का फाडून खिशात घातला, आठवत नाही.
धुण्यात केवळाला मिळाला तेव्हा
शेवटचे दोन आकडे गेले होते.
तिनं अंदाजानं लावून पाहिले.
एकदा जिंतूरचा म्हशींचा व्यापारी लागला,
एकदा कुणाची तरी रडणारी सून.
बाराव्या खेपेला एक शांत आवाज म्हणाला,
"घरचं कोण पितंय, ताई?"

गुरुवार. सात वाजता. पाण्याच्या टाकीमागं.
मी तीन चकरा मारल्या,
पानटपरीवर नको असताना काडेपेटी घेतली.
टपरीवाला सुटे मोजता मोजता म्हणाला,
"मीटिंगला ना? ते हिरवं दार."
माझ्या पोटात खड्डा पडला,
म्हणजे सगळ्या परभणीला ठाऊक आहे.
होतंच ठाऊक.
लपलंय असं फक्त मलाच वाटायचं.

आत बालवाडी.
वीतभर उंचीच्या लोखंडी खुर्च्या,
गुडघे हनुवटीला लागलेली नऊ माणसं,
भिंतीवर तक्ता: द द्राक्षाचा.
"तेवढ्याकडं पाठ करून बस,"
मुनीर वेल्डर म्हणाला,
आणि माझा ग्लास त्यानं अर्धाच भरला,
हात बघून.

"मी शेषेराव. मी दारुडा आहे,"
हजेरी द्यावी तसं एक म्हातारा म्हणाला.
"राम राम शेषेराव," सगळे म्हणाले.
पोरीची सायकल विकली त्याचं त्यानं सांगितलं,
घंटी काढून ठेवली होती, तेही सांगितलं.
घंटी का ठेवली, कुणी विचारलं नाही.
माझी पाळी आली.
मी म्हणालो, विश्वंभर.
पुढचं वाक्य पाच गुरुवार आलं नाही.

एक्केचाळीस दिवस.
मग पाडव्याला अडत्यानं काट्याची पूजा केली,
नारळ फोडला, पेढे दिले,
आणि पेढ्यांच्या मागून जे यायचं ते आलं.
तीन दिवस कुठं गेले, काट्याला माहीत.
शुद्धीवर आलो तेव्हा रिकाम्या पोत्यांवर होतो,
एका पायात चप्पल.
घराला आतून कडी.
केवळा खिडकीतून एवढंच म्हणाली,
"आज गुरुवार हाय."

हिरवं दार.
त्याच खुर्च्या.
"किती दिवस झाले, विश्वंभर?"
बेचाळीस तोंडात आलं होतं.
म्हणता आलं असतं, तिथं कोण पावती मागतंय.
पण जीभ माप टाकायला बसलेली,
तिनं खोटं माप आजवर टाकलं नव्हतं,
निदान दुसऱ्यांच्या मालाला.
मी म्हणालो, लाभ.

कोपऱ्यातल्या तरण्या पोरानं विचारलं, म्हणजे?
मुनीर लहानपणी मोंढ्यात पोती शिवायचा.
तो काही बोलला नाही. किटली घेऊन उठला.

आठला खुर्च्या एकावर एक रचायच्या असतात,
सकाळी लेकरं येतात.
एकीचा पाय वाकलेला निघाला,
माझीच असणार.
मुनीर म्हणाला, आण इकडं, उद्या नीट करतो.
त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर ती उलटी ठेवली,
चारही पाय आभाळाकडं.
तो पुढं चालत, मी मागून धरून.

पुलाखालचं दुकान उघडंच होतं.
कुणीतरी आतून हाक मारली, नावानं.
माझे दोन्ही हात खुर्चीला होते.