नाव बदलेपर्यंत

सौदा शाहूपुरीत, चहाच्या गाड्यावर झाला.
व्हनाळीचा आकाराम, दूध संस्थेचा सेक्रेटरी,
दहा हजार तिथंच मोजले,
बाकीचे नावावर झाल्यावर.
एकोणतीस नंबरचा फॉर्म, तीस नंबरचा,
सगळीकडं माझ्या सह्या.
पीयूसी संपून सात महिने झालेले.
"ऱ्हाऊ दे वो काका, मी काढतो तिकडं,
नुसता नंबर प्लेटचा फोटो धाडला की मिळतंय."

मिळतंय, ठाऊक आहे.
मागची दोन वर्षं मीही तेच केलं.
गाडी दारात झाकलेली
आणि कागदावर तिचा श्वास एकदम निर्मळ.

पण नाव बदलेपर्यंत
धूर माझ्याच नावावर.

म्हणून सकाळी कावळा नाक्याला गेलो.
पंपाच्या कडेला बाबालाल शिकलगाराची ओम्नी.
"खरंच तपासायची?"
त्यानं सीटखालनं नळी शोधून काढली,
धूळ शर्टाला पुसली.
"दाबा काका. अजून. पार तळाला."
मी दाबला.
आरशातलं सगळं गेलं:
रसवंतीचा बोर्ड, शाळेची रिक्षा,
तोंडाला पदर लावलेली एक बाई.

नंदाला असंच सांगायचा डॉक्टर,
नळी ओठांत देऊन:
फुंका, अजून, अजून, सोडू नका.
रेघ थोडी चढायची आणि बसायची.
मी शेजारी, तिची पर्स धरून.
खाली हीच गाडी,
सुरूच ठेवलेली. एसी गार राहावा म्हणून.

"नापास," बाबालाल म्हणाला,
जणू त्याचीच चूक.
"देऊ का तसाच? कोण बघतंय."
खिशातली नोट मी उगाचच
घडी घालत बसलो, उलगडत बसलो.

उद्यमनगरात नोझल, फिल्टर, मजुरी:
साडेनऊ हजार, चार दिवस.
आकाराम फोनवर हसला,
"विकायच्या गाडीला कोण खर्च करतंय वो!"
मग जरा थांबून,
"बरं. गुरुवारी येतो."

गुरुवारी पुन्हा नळी, पुन्हा तळाला पाय.
आकडा मर्यादेच्या आत,
टिंबाच्या पुढच्या एका घरानं.
प्रिंटरनं कुरकुरत कागद सोडला.
वर गाडीचा फोटो, मागं धूसर
मी पण आलोय, अर्धा.

आकाराम कागलच्या रस्त्याला लागला.
सिग्नलपर्यंत बघत राहिलो,
काळं काही दिसतंय का.
दिसलं थोडं.
पुढं ट्रक होता.
ट्रकचंच असेल.