एक फूट पाणी

कायदा म्हणतो, जुगार नदीवरच चालेल.
म्हणून मिसूरीच्या काठापासून अर्धा मैल आत
त्यांनी खड्डा खणला, पाइपातून नदी आणून सोडली,
आणि तिच्यावर हे गालिचे, ही झुंबरं, अकराशे मशिनं.
वर्षातून एकदा मी टॉर्च घेऊन तळाशी उतरतो,
काठी बुडवतो, ओली खूण मोजतो.
एक फूट. किंचित जास्तच.
फॉर्मवर लिहितो : जहाज तरंगते आहे.

बावीस वर्षं झाली राज्याच्या नोकरीत.
लोकांना वाटतं, मी जुगार थांबवायला आहे.
मी तो नीट चालावा म्हणून आहे.
मशिनचं पोट उघडायचं, चिप काढायची,
तिची खूण आमच्या नोंदीशी ताडायची,
परत बसवून वर नंबरी पट्टी चिकटवायची.
आर्लिस गुरांच्या घरात वाढलेली. मी उशिरा आलो की म्हणायची,
मारून आलास बिल्ला, नशिबाच्या कानाला?

शंभर डॉलर आत गेले
तर लांबच्या हिशेबात ऐंशी तरी बाहेर यावेत,
एवढं राज्य बघतं.
उरलेल्या विसांतून शाळांनाही काही जातं म्हणे.

मेव्हिस ग्रूबर शाळेची बस चालवायची.
चार वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, ती माझ्या टेबलासमोर बसली
आणि तिनं स्वतःवर बंदी मागितली.
फोटोसाठी केस सारखे केले, पासपोर्टसाठी करतात तसे.
मी वाचून दाखवलं : तहहयात.
तो शब्द पुन्हा वाचा, म्हणाली.
वाचला.
सही करून तिनं माझं पेन पर्समध्ये टाकलं,
मग लक्षात आल्यावर परत दिलं.

काल पहाटे दोनला फोन आला.
मशीन सहाशे चौदा. तीन हजार एकशे चाळीस डॉलर.
एवढी रक्कम लागली की करासाठी नाव लिहून घेतात,
आणि नाव टाइप केलं की यादी जागी होते.

कधीपासून येतेस?
ऑक्टोबर.
किती गेले?
ती बोटांवर मोजायला लागली, मध्येच हात मिटून घेतला.
कुणी हटकलं नाही, म्हणाली,
दारातला पोरगा तर रोज हात करायचा.

खरं होतं ते.
हरणाऱ्याला इथे कुणी नाव विचारत नाही.
दान पडलं की विचारतात.
आणि नियम असा, की बंदीतल्या माणसाचं जिंकणं
जिंकणं नव्हे; रक्कम जप्त.
हरलेलं मात्र हरलेलंच.
हा नियम मी लिहिलेला नाही. वाचून दाखवला.

मोठं दान पडलं की मशीन उघडावं लागतं.
ती स्टुलावरच बसून होती, कोट मांडीवर.
पट्टी शाबूत. कुलूप शाबूत. चिपची खूण जुळली.
ठीक आहे ना? तिनं विचारलं.
ठीक आहे.
म्हणजे खरंच लागलं होतं.
कुणाच्या घरी मूल झाल्याचं कळावं तशी ती हसली.
मी समन्सवर वेळ टाकली : तीन वाजून दहा मिनिटं.
गुन्हा : विनापरवाना प्रवेश.

बाहेर सोडायला गेलो.
लाकडी पुलावर ती थांबली, कठड्यावरून वाकली.
खाली खरंच पाणी आहे?
आहे. एक फूट.
एवढंच? मग उभं राहता आलं असतं की.

मी काही बोललो नाही.
अशा प्रश्नांचा रकाना नाही आमच्याकडे.

तिची गाडी हळूहळू फाटकाकडे गेली.
त्या रुळांवरून गेली नऊ वर्षं एकही गाडी धावलेली नाही,
दोन्ही बाजूंना गुडघाभर गवत.
तरी ती थांबली. काच खाली केली,
आणि मागे चाळीस पोरं बसली असावीत तसा
अंधाराला कान दिला, डावीकडे, उजवीकडे,
मग पुन्हा डावीकडे,
आणि गेली.