प्रश्न तिसरा, गुण बारा

नांदेडात एप्रिल. कूलर आहे, त्यात पाणी नाही.
लाल शाईनं बोट भिजलेलं,
समोर दोरीनं बांधलेले गठ्ठे.
'द्वारकेच्या वर्तनामागील प्रेरणा स्पष्ट करा.'
नमुना उत्तर टेबलाच्या काचेखाली :
स्वामिनिष्ठा, मूक त्याग, वात्सल्य.
प्रत्येकी चार.

दुपारपर्यंत सगळ्यांनी
गाइडातली एकच द्वारका लिहिली,
'त्यागाची धगधगती ज्योत',
आणि मी ज्योतीला सात, ज्योतीला सात
देत पुढं सरकलो.

मग ही उत्तरपत्रिका.
बारकोडाखाली नाव झाकलेलं,
निळं पेन मध्येच संपून काळं झालेलं.

"द्वारका तीन अंकात एकदाबी बसत नाही.
मी मोजलं. कंसात 'उभी' सतरा वेळा आहे.
'बसतात' हे रावसाहेब, बाईसाहेब, मामा,
आन् एकदा मांजर.
पाय दुखणाऱ्या माणसाचा विचार
वेगळ्या वाटेनं जातो.

ती चिठ्ठी लपवते ते बाईसाहेबांसाठी नाही.
तिला वाचता येत नाही.
कोणत्या कागदानं कोणाचं घर फुटंल
हे तिला बाहेरून कळत नाही,
म्हणून ती सगळेच कागद कणगीत टाकते.
घर कोणाचंबी फुटू,
आधी बाहेर निघते ती मोलकरीण.
माझ्या मायनं कामावरच्या घरी
असंच लाइटचं बिल लपवलं होतं,
लाल शिक्का पाहून.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी ती भाकरी पदरात बांधून
उजवीकडून जाते.
उजवीकडं कोण आहे, लेखकानं लिहिलं नाही.
रावसाहेबांच्या खोलीला खिडक्या किती, ते लिहिलंय.
तिच्या प्रेरणा उजवीकडं असतील.
तिकडं पडदा आहे."

खाली अर्धं पान कोरं.

मी रावसाहेब केला होता.
उमरीच्या कॉलेजात, गॅदरिंगला.
नक्षीची खुर्ची सराफाकडून मागून आणलेली,
तिच्यात रेलून बसायची सवय मला
दोन दिवसांत लागली.
द्वारका करायला मुली तयार होईनात.
"उबाळेची कौसल्या घ्या," सर म्हणाले,
"तिला शिकवावं लागणार नाही."
आम्ही हसलो. कौसल्याही हसली,
थोडी उशिरा.

तालमीत तिच्या हातातला तांब्या रिकामा असायचा.
प्रयोगाला तो भरलेला निघाला.
गार पाणी, वर वाळ्याची काडी.
मी ओठांना टेकवला,
प्यायल्याचा अभिनय केला.
चांगला केला.
बक्षीस मिळालं मला.

"अडलं का कुठं?" मुखेडकर सर चष्म्यावरून बघतात.
"तीन मुद्द्यांपैकी किती आलेत?"
एकही नाही.
"मग शून्य. अक्षराचा एक द्या,
अक्षर बरं दिसतंय."

अक्षर बरं नव्हतं.
'प्रेरणा' हा शब्द तीन वेळा तीन तऱ्हेनं लिहिलेला.

मी अकरा दिले.
बाराच का नाही,
ते मलाही नीट सांगता येणार नाही.
हातच तिथं थांबला.

पुढचा पेपर : 'द्वारका ही त्यागाची…'
तेवढ्यात कोपराशी किटली.
बाबाराव केव्हाचा उभा होता, कोण जाणे.
मी शेजारची खुर्ची ओढली, म्हटलं, बसा घडीभर.

"नको सर," तो म्हणाला,
"बाकीच्यांचा निवायलाय."